डोंगरी सायकल, डांबरी रस्ता: टायरांविषयी एक वाद

पुण्यासारख्या शहरात कामावर जाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गियरच्या सायकलींमध्ये माउंटन बाइक, म्हणजे मुळात डोंगरवाटांसाठी घडवलेली, रुंद व उंचवट्यांची नक्षी असलेल्या टायरांची सायकल, मोठ्या संख्येने आढळते, आणि यातील बहुतेक सायकली आपले आयुष्य डांबर, काँक्रीट व पेव्हर ब्लॉक यांवरच काढतात. अशा सायकलीचा सांगाडा, गियर आणि ब्रेक रोजच्या वापराला चांगले उपयोगी पडतात; प्रश्न उरतो तो टायरांचा. त्यांच्या जागी गुळगुळीत, रस्त्यासाठीचे टायर बसवावेत की नाही, बसवायचे तर किती रुंद, आणि त्यांत हवा किती भरावी, यांविषयी अभियांत्रिकीचे शास्त्र आणि दुरुस्तीच्या दुकानातला अनुभव अनेकदा परस्परविरोधी सल्ला देताना दिसतात. या लेखात ते दोन पक्ष दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी ठेवले आहेत: यंत्रअभियांत्रिकी शिकवणारे एक प्राध्यापक, आणि त्यांच्याहून वयाने मोठे असलेले, सायकल दुरुस्तीत हयात घालवलेले एक कारागीर.

प्राध्यापक: काका, टायर रस्त्यावर फिरतो तेव्हा त्याचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा मूळ आकारात येतो, दबताना जेवढी ऊर्जा लागते तेवढी सगळी परत मिळत नाही, काही भाग रबराच्या आत उष्णता होऊन वाया जातो. यालाच लोळणरोध म्हणतात. उंचवट्यांच्या टायरात रबर जास्त असते, आणि प्रत्येक उंचवटा जमिनीला टेकताना स्वतंत्रपणे वाकतो व सुटतो, त्यामुळे हा तोटा वाढतो. स्वार आणि सायकल मिळून 100 किलो वजन धरले आणि रोधाचा गुणांक, म्हणजे वजनाच्या तुलनेत रोधाचे प्रमाण, उंचवट्यांच्या टायरासाठी 0.010 व चांगल्या गुळगुळीत टायरासाठी 0.006 धरला, तर ताशी 20 किलोमीटर वेगाला पहिल्यासाठी सुमारे 55 वॅट आणि दुसऱ्यासाठी सुमारे 33 वॅट शक्ती खर्च होते. साधारण प्रकृतीचा माणूस रोज कामावर जाताना टिकवून ठेवतो ती एकूण शक्तीच 100 ते 110 वॅटच्या आसपास असते, आणि तिच्यातील निम्मा वाटा हवा घेते. मग टायराने खाल्लेले 20 वॅट लहान म्हणता येतील का?

कारागीर: सर, हिशेब बरोबर असेल, पण त्याचे मिनिटांत काय होते ते सांगावे.

प्राध्यापक: तेवढ्याच श्रमात वेग ताशी 20 वरून साधारण 22 किलोमीटर होईल. 12 किलोमीटरच्या अंतराला 36 मिनिटांऐवजी 33 मिनिटे लागतील.

कारागीर: म्हणजे तीन मिनिटे, आणि एक लाल सिग्नल लागला की त्यातील दीड-दोन मिनिटे तिथेच गेली. तेवढ्यासाठी गिऱ्हाइकाने चांगले टायर उतरवून नव्यांवर पैसे घालावेत, हे पटत नाही.

कारागिरांचा हा आक्षेप खरा आहे, मात्र तो चुकीच्या जागी बसतो. शहरातील प्रवासाचा वेळ चौक ठरवतात, टायर नव्हे. त्यामुळे टायर बदलण्याचे समर्थन वेळ वाचवण्यावर उभे केले तर ते कोसळते. श्रमांवर उभे केले तर ते टिकते. तोच वेग ठेवला तर पाचव्या हिश्श्याच्या आसपास शक्ती वाचते, आणि संध्याकाळी थकलेल्या माणसाला समोरच्या वाऱ्यात घराकडे निघताना जो फरक जाणवतो तो हाच असतो. नेमाने सायकल वापरणे किंवा महिन्याभरात ती जिन्याखाली लावून टाकणे, यांमधला निर्णय बऱ्याचदा अशा थकव्यावरच ठरत असल्यामुळे या 20 वॅटना तीन मिनिटांपेक्षा मोठी किंमत द्यावी लागते.

कारागीर: बरे, श्रम वाचतात हे मान्य. पण पावसाळ्याचे काय? स्कूटरचा टायर गोटा झाला, म्हणजे त्याची नक्षी झिजून तो सपाट झाला, की तो बदला असे सगळेच सांगतात, आणि आपण मात्र सायकलीला नवाकोरा गोटा टायर विकत आणून बसवायचा? जून ते सप्टेंबर चार महिने रस्ता ओला असतो. नक्षीच नसेल तर पाणी जाणार कुठून?

प्राध्यापक: हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण सगळी भीती इथेच आहे. वेगाने जाणाऱ्या चाकाखालून पाणी वेळेत बाजूला झाले नाही तर टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो आणि जमिनीशी त्याचा संबंध तुटतो. 1960च्या दशकात अमेरिकेच्या नासा या संस्थेत विमानांच्या टायरांवर संशोधन झाले तेव्हा असे दिसले की हे तरंगणे कोणत्या वेगाला सुरू होईल ते मुख्यतः टायरातल्या हवेच्या दाबावर अवलंबून असते: पीएसआय या एककातील दाबाचे वर्गमूळ घेऊन त्याला 10.35ने गुणले की तो वेग ताशी मैलांत मिळतो. मोटारीच्या टायरात 30 ते 33 पीएसआय हवा असते, म्हणून तिचा हा वेग ताशी 90 ते 95 किलोमीटर येतो, आणि द्रुतगती मार्गावर मोटार तो सहज गाठते. तिला नक्षी हवीच. सायकलीत 45 पीएसआय हवा असेल तर तोच वेग ताशी 110 किलोमीटरच्या पुढे जातो. शिवाय मोटारीच्या टायराचा माथा सपाट व रुंद असतो, सायकलीच्या टायराचा गोल असतो, त्यामुळे पाणी दोन्ही बाजूंना आपोआप फेकले जाते. सिंहगडाच्या घाटातून भर पावसात उतरणारा सायकलस्वारही या वेगाच्या जवळपास पोहोचत नाही.

कारागीर: मग ओल्या रस्त्यावर पकड देते कोण?

प्राध्यापक: रस्ता. डांबरात बसवलेल्या खडीचे बारीक कंगोरे मऊ रबरात रुततात, आणि त्या रुतण्यातून पकड निर्माण होते; जितके रबर प्रत्यक्ष जमिनीला टेकलेले तितके हे रुतणे जास्त. उंचवट्यांच्या टायरात उंचवट्यांमधल्या चरांचा भाग जमिनीला टेकतच नाही, आणि वळणावर सायकल कलली की कडेचे उंच तुकडे बुडातून वाकतात, त्यामुळे चाक किंचित सरकल्यासारखे वाटते. उंचवट्यांचे काम वेगळे आहे: जमीन टायरापेक्षा मऊ असेल तेव्हा ते तिच्यात घुसतात. मातीत ते घुसतील, डांबरात कसे घुसणार?

कारागीर: म्हणजे माती असेल तिथे त्यांचा उपयोग आहे, एवढे तरी ठरले. मोशीकडून, चाकणकडून किंवा शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींतून येणाऱ्या माणसाच्या वाटेत कच्चा तुकडा हमखास असतो, आणि पावसात तिथे काळ्या मातीचा चिखल होतो.

प्राध्यापक: काळ्या मातीचा चिखल उंचवट्यांच्या चरांतही भरून बसतो, आणि मग तोही टायर गुळगुळीतच होतो. पण मुरूम असेल, ओली तांबडी माती असेल, गवताची पायवाट असेल, तर काकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि रोजच्या वाटेचा मोठा भाग तसा असणाऱ्याने टायर बदलू नयेत.

येथे एका गैरसमजाचा निराळा उल्लेख करायला हवा. ओल्या रस्त्यावर सायकल घसरण्याच्या ज्या जागा प्रत्यक्षात धोक्याच्या असतात, त्या जवळजवळ सगळ्या अशा आहेत की तिथे कोणत्याही टायराचा इलाज चालत नाही: झेब्रा पट्ट्यांचा जाड पांढरा रंग, ड्रेनेजची लोखंडी झाकणे, शेवाळ धरलेले पेव्हर ब्लॉक, आणि पहिल्या पावसाने रस्त्यावर वर आलेले तेल. या जागी सायकल सरळ ठेवावी, ब्रेक आधीच लावून वेग कमी करावा आणि झाकणावर असताना हँडल वळवू नये, एवढाच उपाय असतो. उंचवट्यांचे टायर असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे वाटून त्या झाकणावरून वळण घेणारा स्वार गुळगुळीत टायरवाल्या सावध स्वारापेक्षा जास्त धोक्यात असतो.

कारागीर: सर, नक्षीचा वाद सोडून देऊ. पण कंपनीने सायकल घडवताना काही विचार केलाच असेल ना? या सांगाड्याला, या रिमला जाड टायरच शोभतो, म्हणून तर तो दिला.

प्राध्यापक: जाड शोभतो हे खरे, पण उंचवट्यांचा शोभतो असे इतिहास सांगत नाही. माउंटन बाइकची जुनी 26 इंची रिम डोंगरात जन्मलेलीच नाही. शिकागोच्या श्विन कंपनीने 1933मध्ये अमेरिकेतील शहरांत फिरणाऱ्या मुलांसाठी सव्वादोन इंचांच्या जवळपास रुंदीचे, हवेने भरलेले जाड टायर असलेल्या सायकली बाजारात आणल्या, आणि ती रिम त्या टायरांची आहे. चाळीस वर्षांनंतर, 1970च्या दशकात, कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीमधल्या तरुणांनी अशाच जुन्या, वजनदार सायकली माउंट टमाल्पाइसच्या कच्च्या वाटांवरून खाली पळवायला सुरुवात केली. 1976मध्ये तिथे रिपॅक नावाची शर्यत सुरू झाली, आणि तिथून हा नवा प्रकार आकाराला आला. उंचवट्यांची नक्षी त्या डोंगराच्या गरजेतून या चाकाला चिकटली. रस्त्यावर चालवताना ती काढली तर चाक आपल्या मूळ कामाकडे परत जाते.

कारागीर: ठीक. मग सर कोणता टायर सुचवतात?

प्राध्यापक: सव्वा ते दीड इंच रुंदीचा, आणि त्यात 80 पीएसआय हवा.

कारागीर: इथेच सगळे बिघडते. असे टायर बसवून गेलेली सायकल पंधरा दिवसांत दुकानात परत येते. ट्यूबला शेजारी शेजारी दोन छिद्रे असतात, कारण खड्ड्याच्या कडेवर चाक आपटले की अरुंद टायर पार बुडापर्यंत दबतो आणि ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चिमटते. असे होऊ नये म्हणून गिऱ्हाईक कॉम्प्रेसरवर हवा ठासून भरून घेते, तर मग धक्का थेट रिमला बसतो, चाकाला आउट येतो, म्हणजे ते फिरताना एका बाजूला लहरू लागते, तारा ढिल्या होतात, आणि आउट काढायला सायकल पुन्हा दुकानात येते. शिवाय माणसाचे मनगट आणि कंबर दुखते ते वेगळेच. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली उभी फट, ड्रेनेजच्या जाळीची लांब खाच, यांत सव्वा इंचाचे चाक अडकते. दोन इंचाचे वरून निघून जाते. पुस्तकातला रस्ता गुळगुळीत असतो, सर. आपल्याकडचा नसतो.

प्राध्यापक: जास्त दाबाने टायर कमी दबतो आणि तोटा कमी होतो, एवढे तरी निर्विवाद आहे.

कारागीर: मग खडबडीत रस्त्यावर टणक टायरची सायकल पुढे जाण्याऐवजी वर उडते, त्या उडण्यात जोर जात नाही का?

या प्रश्नात संपूर्ण वादाची गुरुकिल्ली आहे, आणि तो शास्त्राच्या बाजूने नव्हे तर दुकानाच्या बाजूने आला हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. टायरांचा रोध पूर्वापार प्रयोगशाळेतील गुळगुळीत पोलादी पिंपावर मोजला जात असे, आणि पिंपावर दाब वाढवला की रोध कमी होतो हे खरेच आहे. मात्र प्रत्यक्ष रस्त्यावर चाकाला बसलेला प्रत्येक लहान धक्का सांगाड्यातून स्वाराच्या शरीरात पोहोचतो, स्नायू व ऊती हलतात, आणि त्या हलण्यात ऊर्जा खर्च होते. ती ऊर्जा स्वारानेच पायडलवर दिलेली असते. दाब एका मर्यादेपलीकडे वाढवला की टायरात जे वाचते त्यापेक्षा जास्त शरीरात वाया जाते, आणि रस्ता जितका खडबडीत तितकी ही मर्यादा खाली येते. यान हाइने यांच्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाने प्रत्यक्ष रस्त्यांवरील चाचण्या प्रसिद्ध करून हा मुद्दा ठामपणे पुढे आणला, आणि अरुंद व टणक म्हणजे वेगवान हे दीर्घकाळचे समीकरण त्यानंतर शर्यतींच्या सायकलींतही सैल झाले.

प्राध्यापक: हा आक्षेप मान्य करावाच लागतो, आणि त्याला जोडून आणखी एक गोष्ट काकांच्या बाजूने सांगता येते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग किती मोठा असेल ते वजन भागिले दाब यावरून ठरते, म्हणून दाब सारखाच असेल तर रुंद आणि अरुंद टायरचे टेकलेले क्षेत्रफळही सारखेच येते. अरुंद टायरात ते लांबट होते, रुंद टायरात आखूड व आडवे. लांबट ठसा उमटण्यासाठी टायरला उंचीत जास्त दबावे लागते, आणि तोटा दबण्यातूनच होत असल्याने, त्याच दाबाला, त्याच बांधणीचा रुंद टायर अरुंदापेक्षा हलका फिरतो.

कारागीर: मग दोन इंचांचा गुळगुळीत टायर का नको?

प्राध्यापक: नको म्हणण्यासारखे कारण उरत नाही. फक्त त्याची भिंत, म्हणजे रिमपासून माथ्यापर्यंतची बाजू, पातळ व लवचिक असावी. जाड भिंतीचा, जड रबराचा टायर गुळगुळीत असूनही जड फिरतो.

दोन्ही पक्ष आपापल्या टोकावरून सुरू होऊन येथे एकत्र येतात, आणि या लेखाचा निर्णयही हाच आहे: माउंटन बाइक शहरात चालवायची असेल तर नक्षी बदलावी, रुंदी फारशी बदलू नये. नक्षी काढल्याने जे मिळायचे ते मिळते. रुंदी काढल्याने माउंटन बाइकचा शहरातील सर्वात मोठा गुण, म्हणजे खड्डे पचवणारी हवा, निघून जाते. पावणेदोन ते दोन इंच, म्हणजे 47 ते 50 मिलिमीटर रुंदीचा गुळगुळीत किंवा अगदी उथळ चरांचा टायर बहुतेकांना योग्य ठरतो. मधोमध गुळगुळीत आणि कडांना उंचवटे असलेला मिश्र प्रकारही बाजारात मिळतो. सरळ रस्त्यावर तो बरा चालतो, पण वळणावर चाक गुळगुळीत भागावरून अचानक उंचवट्यांवर जात असल्याने पकड मध्येच बदलते, म्हणून थोडी कच्ची वाट असणाऱ्यांखेरीज इतरांनी तो घेऊ नये.

हवेच्या दाबाविषयी सायकलतज्ज्ञ फ्रँक बर्टो यांचा ठोकताळा उपयोगी आहे: स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे 15 टक्के दबावा. सायकलीचे मागचे चाक पुढच्यापेक्षा जास्त भार वाहते, म्हणून दोन्ही चाकांत सारखी हवा भरणे चुकीचे आहे. एकूण 100 किलोच्या भाराला 47 मिलिमीटरच्या टायरात मागे 45 ते 50 आणि पुढे 35 ते 40 पीएसआयपासून सुरुवात करावी, आणि रिमला ठोकर लागत असल्यास थोडी वाढवावी.

कारागीर: काटे राहिले. बाभळीचा काटा, सराटे, ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून पडलेली पोलादी तार. जाड नक्षी यांना अडवते.

प्राध्यापक: नक्षीतला उंचवटा अडवतो, पण चरात रबर पातळच असते आणि काटा तिथून आत जातो. काट्यावरचा खरा उपाय टायरच्या आतला संरक्षक पट्टा हा आहे. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरात माथ्याखाली 5 मिलिमीटर जाडीचा लवचिक रबराचा थर असतो. तो पंक्चर फार कमी करतो, पण वजन व रोध वाढवतो.

कारागीर: असा टायर बसवायलाही अंगठे मोडतात.

प्राध्यापक: म्हणूनच ज्याच्या रस्त्यावर काटे आणि काच जास्त, किंवा ज्याला वाटेत पंक्चर काढणे जमत नाही, त्याने तो घ्यावा, इतरांनी मध्यम पट्ट्याचा हलका टायर घ्यावा.

टायर अरुंद केलाच तर होणारे दुय्यम परिणामही माहीत असावेत. 54 मिलिमीटरवरून 38 मिलिमीटरवर आल्यास 26 इंची चाकाचा व्यास 667वरून 635 मिलिमीटर होतो, म्हणजे सायकल 16 मिलिमीटरने खाली बसते आणि उंच गतिरोधकावर किंवा कललेल्या वळणावर पायडल घासण्याची शक्यता वाढते. प्रत्येक गियर सुमारे 5 टक्क्यांनी हलका होतो, वेगमापक असल्यास त्यात चाकाचा परीघ नव्याने भरावा लागतो, आणि जुनी रुंद ट्यूब अरुंद टायरात घातल्यास तिला घड्या पडून ती तिथे फाटते. रिमच्या आतल्या रुंदीच्या दीडपटीपेक्षा कमी रुंदीचा टायर बसवू नये, हाही नियम पाळावा.

कारागीर: गिऱ्हाइकाकडे एकाच टायराचे पैसे असले तर?

प्राध्यापक: मागचा बदलला तर श्रम जास्त वाचतात, कारण भार तिथे जास्त असतो. पण पुढचे चाक घसरले तर सायकल सावरत नाही, म्हणून ओल्या डांबरावर चांगल्या पकडीचा टायर पुढेच हवा.

कारागीर: म्हणजे थांबावे, आणि दोन्ही एकदम घ्यावेत.

प्राध्यापक: तेच बरे.

खरेदीपूर्वी शेवटची तपासणी मापाची, आणि ती दुकानदाराच्या भरवशावर सोडू नये. टायरच्या भिंतीवर 47-559 असा जोडआकडा कोरलेला असतो. पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास. जुन्या माउंटन बाइकचा दुसरा आकडा 559, साडेसत्तावीस इंचीचा 584 आणि एकोणतीस इंचीचा 622 असतो. नुसते ‘26 इंच’ म्हणून मागितल्यास 590 किंवा 571 मापाचा टायरही हातात पडू शकतो. 26 × 1.75 आणि 26 × 1¾ ही मापे गणिताने एकच दिसत असली तरी पहिले 559चे व दुसरे 571चे आहे, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुन्या टायरावरचा दुसरा आकडा कागदावर लिहून न्यावा, आणि नव्या टायरावर तोच आकडा दिसल्यावरच पैसे द्यावेत.